चुकारा हाती आला का?

नागपूर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी त्या बियाण्याच्या कंपनीचे नाव काढले, तेव्हा कृषी केंद्रात बसणाऱ्या मंडळींच्या सांगण्यावरून मुदत ठेवीचे 2 लाख रुपये तिच्या शेअरमध्ये घालू नका, एवढेच मी घाईने बोलले आणि बाबांना ते लागले, हे त्यांच्या आवाजावरून कळले. म्हणून नकाराचे कारण आज नीट लिहिते.

बाबा, शेजारचे 3 एकर वावर घ्यायचे ठरले होते, तेव्हा तुम्ही मातीच्या आधी सातबारा पाहिलात आणि इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसताच व्यवहार थांबवलात. कंपनीचा ताळेबंद, म्हणजे तिच्याकडे काय आहे आणि ती कोणाचे किती देणे लागते याचा तक्ता, हाही तसाच उतारा. तो वार्षिक अहवालात असतो आणि बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. या कंपनीचे गेल्या 3 वर्षांचे अहवाल मी रविवारी बसून वाचले.

नफा तिन्ही वर्षी वाढला आहे, तेव्हा मंडळींनी सांगितले ते खोटे नाही. पण नफा मांडण्याची रीत अशी की माल देऊन बिल फाडले की विक्री धरली जाते, मग पैसा येवो वा न येवो. आपण व्यापाऱ्याला कापूस दिला, त्याने चिठ्ठी दिली आणि चुकारा अक्षय तृतीयेला देतो म्हणाला, तर कंपनीच्या हिशोबात ते उत्पन्न त्याच दिवशी जमा होते. आपल्या घरी मात्र सालगड्याचे पैसे चिठ्ठीवर भागत नाहीत. हा फरक दिसावा म्हणून अहवालात रोख प्रवाहाचे वेगळे पत्रक असते. त्यात कामकाजातून आलेली रोख या कंपनीची 3 पैकी 2 वर्षे उणे आहे. मार्चअखेर बियाण्याच्या कंपनीची गोदामे खरिपासाठी भरलेली असणारच, त्यामुळे एखाद्या वर्षाची तूट मी मनावर घेतली नसती. पण इथे दुकानदारांकडून येणे असलेली बाकी विक्रीपेक्षा वेगाने फुगली आहे आणि पडलेला खड्डा बँकेच्या कर्जाने भरला आहे. व्याज देण्यापूर्वीचा नफा त्या व्याजाच्या दीडपटही भरत नाही. एक पाऊस हुकला तर काय होईल, हे तुम्हांला मी सांगायला नको.

बोजाही आहे. कोणाकडे किती शेअर आहेत हे सांगणारा भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला प्रसिद्ध होतो आणि त्यात प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे बरेच शेअर तारण ठेवल्याचे दिसते.

लेखापरीक्षकाची सही आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. हैदराबादच्या सत्यम या संगणक कंपनीने सप्टेंबर 2008 अखेर 5,361 कोटी रुपये रोख व बँक शिल्लक दाखवली होती; त्यांतले 5,040 कोटी मुळात नव्हतेच, हे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी स्वतःच पत्र लिहून कबूल केले. तेव्हापासून शिल्लक मोठी आणि तिच्यावरचे व्याज किरकोळ दिसले की मी पुढचे पान उलटत नाही.

एवढे वाचूनही बाबांना शेअर घ्यावेसे वाटले, तर 20 हजारांचे घ्यावेत, ठेव मोडू नये. ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली आहे, आणि आई स्वतःहून तसे म्हणणार नाही.

आई, तुझ्या लाल वहीत चुकारा हातात पडल्यावरच आकडा चढतो आणि उधारी मागच्या पानावर पेन्सिलने असते. अहवालातली 3 पाने छापून सोबत पाठवली आहेत. बाबा चष्मा लावून ती वाचायला बसले की तूही शेजारी बस. येणे बाकीच्या आकड्याखाली मीही पेन्सिलनेच रेघ ओढली आहे.

तुमची लेक