घर इथेच बांधतोय

नांग रोंग, बुरीराम प्रांत, थायलंड
12 ऑक्टोबर 2025 (इथल्या सरकारी कागदांवर 2568)

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

काल व्हिडिओ कॉलवर मी सांगितलं तेव्हा बाबा "बरं, कर" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. आई, तू लगेच चिमीला गाणं म्हणायला लावलंस. हे कॉलवर बोलून भागणार नाही, हे मला तिथेच कळलं. म्हणून पत्र.

एक गोष्ट आधी कबूल करतो. पहिला खांब गुरुवारी उभा राहिला आणि तुम्हाला मी शनिवारी सांगितलं. सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांचा मुहूर्त होता, इथे नऊ आकडा शुभ. खांबाला केळीचं रोप आणि ऊस बांधतात. अगदी आपली मुहूर्तमेढ. बाबा, ओई म्हणजे थाईत ऊस, म्हणून तुम्ही सुनेला उसाबाई म्हणता; त्या उसाबाईच्या घराच्या खांबाला ऊस, हा विनोद मला तिथेच सुचला आणि सांगायला तुम्ही नव्हता. हळदकुंकू मी खिशातून नेलं होतं, आईनं दिलेल्या पुडीतलं. लावलं. कुणी काही विचारलं नाही.

आता कारणं. तुम्ही मागितली नाहीत, तरी सांगतो. फेब्रुवारीत ओईच्या आईचा उजवा हात-पाय गेला तेव्हा आम्ही "दोनतीन महिने" म्हणून आलो. इकडे ईसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, धाकटी लेक आईबापांजवळ राहते, घर तिच्याकडे येतं आणि जावई त्या घरी येतो. ओई धाकटी. थोरल्या दोघी रायोंगच्या कारखान्यांत, त्यांची मुलंसुद्धा इथे याय, म्हणजे ओईची आई, सांभाळत होत्या. त्या बसल्या तर अख्खं घर बसतं. मे महिन्यात शाळेत गणिताची जागा मिळाली. पगार बँकॉकच्या निम्म्याहून थोडा जास्त, पण भाडं नाही, तांदूळ घरचा. बँकॉकला चिमी दिवसातला दीड तास गाडीत असायची. हे सगळं खरं आहे. तरी लिहिताना वाटतंय की मी फार वेळ बोलतोय.

घरजावई म्हणतील. म्हणू देत. इथे भारतीय माणसाला "खॅक" म्हणतात, त्याचा मूळ अर्थ पाहुणा. आणि आपल्याकडे जावयाला पाव्हणं म्हणतातच! बारा वर्षं राहिलो तरी दर 90 दिवसांनी "मी अमुक पत्त्यावर राहतो" असं कळवावं लागतं आणि दर वर्षी मुक्कामाची परवानगी वाढवून घ्यावी लागते. जमीन ओईच्या नावावर. परक्या माणसाच्या नावावर होतच नाही, कायदाच तसा आहे. बाबा, तुम्ही म्हणाल, सगळं घालून तुझ्या हाती काय? मी यावर खूप विचार केलाय. माझ्या हाती ओई आहे. वाईचं घर आहे तसंच राहणार, त्यातली एक वीटही मी मोडू देणार नाही.

तुमच्यासाठी वेगळी खोली काढली आहे, तळमजल्यावर, पूर्वेला खिडकी. कमोड आहे आणि पाण्याची नळीही, ती इथे सगळीकडे असते, काळजी नको. अंगणात माणसाच्या छातीएवढे सहा रांजण आहेत पावसाच्या पाण्याचे, पण प्यायला वीस लिटरचे जार घरपोच येतात. आई, खायचं: कोथिंबीर, मिरच्या, नारळ, कैऱ्या, शेंगदाणे सगळं बाजारात ढिगानं. खलबत्ता तर घरोघरी, दिवसभर वाजतो. तूरडाळ मी ऑनलाइन मागवतो. चिकट भात बांबूच्या डबीत येतो, हातानंच खायचा. पहिल्या दिवशी तुला नाही आवडणार. माशाच्या त्या खारवलेल्या वासाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही.

पहाटे सरपंच कर्ण्यावरून गावाच्या सूचना देतो. आठ वाजता राष्ट्रगीत, संध्याकाळी सहाला पुन्हा. बाबा, तुम्ही दिवसातून दोनदा ताठ उभे राहाल हे मला डोळ्यांपुढे दिसतं. आणि भाषेची भीती नको: गुरू तो "ख्रू", आचार्य तो "आचान", भाषा ती "फासा", आजाराला "रोक". गणपतीला "फिखनेत" म्हणतात, हे ऐकून वाईच्या ढोल्या गणपतीला काय वाटेल कोण जाणे. नमस्काराला तर "वाय" म्हणतात! वाईचा माणूस वाय करतो यावर मी शाळेत बरंच हसून घेतलंय, मुलांना ते कळलं नाही.

घरापासून अर्ध्या तासावर फनोम रुंग आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरावर शंकराचं देऊळ, ख्मेर राजांच्या काळातलं. पंधरा दारं एका ओळीत, वर्षातल्या काही ठरावीक दिवशी उगवतं ऊन सगळ्यांतून आरपार जातं. शेषशायी विष्णू कोरलेली दारावरची एक दगडी तुळई चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोचली होती, 1988 ला परत आणून बसवली. मी तिच्याखाली उभा राहिलो की बाबा मला खांद्यावर घेऊन महागणपतीचं शिखर दाखवायचे ते आठवतं. तुमच्या डोक्याचा घामाचा आणि खोबरेलाचा वास. आता तुम्हाला मीच धरून वर नेणार.

ओईच्या आईला आता दोन वेळा व्यायाम द्यायचा असतो. गावातल्या आरोग्य स्वयंसेविका येऊन रक्तदाब मोजून जातात, उरलेलं मी करतो. त्यांचा हात माझ्या हातात धरून बोटं उघडताना रोज एकदा बाबांचा हात मनात येतो. जूनमध्ये तुम्ही न्हाणीघरात पडलात हे मला शेजारच्या काकांकडून कळलं, आठवड्यानं. मी रागावलो नाही. रागावायचा हक्क मला कितपत आहे हे माहीत नाही.

पण आता ऐका. गुळगुळीत फरशीवर रबरी चटई टाकायची, उद्याच. माळ्यावरचं काढायला आईनं स्टुलावर चढायचं नाही. मोतीबिंदू दिवाळीनंतर करू म्हणतेस, डिसेंबरची तारीख आत्ताच घे, त्या आठवड्यात मी वाईत असेन, तिकीट काढलंय. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, बाबा. कामाला येणाऱ्या मावशींना रात्री थांबायचे पैसे मी पाठवतो, त्यावर भांडायचं नाही. संध्याकाळी घाटावर जायचं तर फोन घेऊन. आणि सकाळी सातला फोन करत जा, इथे साडेआठ झालेले असतात, शाळेच्या पहिल्या तासाआधीचा वेळ मी मोकळा ठेवतो.

जानेवारीत मी परत निघेन तेव्हा माझ्याबरोबर चला. निदान महिनाभर. भाताची कापणी झालेली असते, हवा छान असते. नाही आवडलं तर मी स्वतः पोचवीन.

चिमीसाठी आई, तू "या" आणि बाबा "पू". ओईची आई "याय". दोन्ही आज्यांची नावं इतकी जवळजवळची की ती हाक मारते तेव्हा कुणाला मारते ते यायलाही कळत नाही, त्या मान वळवून फोनकडे बघतात.

तुमचा,
बंड्या

ता. क. गवंडी सोमवारी येतोय. बाबा, इथल्या तुमच्या न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवायचा आहे. खुर्चीवर बसून उठताना हात कुठे जातो ते आईला टेपनं मोजायला सांगा आणि सेंटिमीटरमध्ये कळवा. इंच त्याला कळत नाहीत.