दुसऱ्यांच्या सुरांवर वाजवणारा पाहुणा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम अशा त्रयीशेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या पाहुण्याविषयी तू मागच्या पत्रात वैतागून विचारले होतेस, "हा गृहस्थ नेमके वाजवतो तरी काय?" तो प्रश्न मनात घेऊनच गेल्या आठवड्यात मी तशाच एका मैफलीत मुद्दाम पहिल्या रांगेत, त्याच्या हातांकडे बघता येईल अशा जागी बसलो.

त्याच्याजवळ स्वतःचा असा एकही सूर नव्हता. सॅक्सोफोनसमोरचा, बासच्या घोडीवरचा आणि झांजांच्या वरचा अशा तीन मायक्रोफोनांतून आवाज त्याच्याकडे येत होता. कोणी काही वाजवले नाही, तर त्याचे यंत्र मुकेच राहणार होते. पहिली पाच-सात मिनिटे तो नुसता ऐकत बसला. मग बासवादकाने गजाने ओढलेला एक खर्जातला सूर त्याने उचलला, त्याचे काही मिलिसेकंदांचे बारीक कण केले आणि ते एकमेकांवर असे पसरले, की मूळ सूर थांबल्यावरही त्याची ओल सभागृहात रेंगाळत राहिली. याला ग्रॅन्युलर सिंथेसिस असे रुक्ष नाव आहे, ते सोडून दे. ते ऐकताच बासवादकाने आपले बोट तारेवर किंचित सरकवले, आणि त्याचा आताचा सूर व मघाचा सूर एकमेकांवर घासून हवेत संथ आंदोलने उमटू लागली. ती कोणाची म्हणायची, हे मला ठरवता आले नाही. पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले: इतर तिघांचे नुकतेच होऊन गेलेले वादन, हेच त्याचे वाद्य.

संगणकातून फिरून येणारा आवाज मागे पडत नाही का, असे तू नक्की विचारशील. पडतो. आवाजाची सेकंदाला 48,000 मोजमापे, म्हणजे नमुने, घेणारी यंत्रणा एका वेळी 256 नमुने हाताळत असेल, तर तेवढे गोळा व्हायलाच सुमारे 5.3 मिलिसेकंद लागतात, आणि आवाज बाहेर पडेपर्यंत त्याच्या दुपटीहून थोडे अधिक. पण हवेतून तीन मीटर जायला ध्वनीला जवळजवळ 9 मिलिसेकंद लागतातच. म्हणजे हा उशीर रंगमंचावर चार पावले लांब उभ्या असलेल्या साथीदाराइतकाच. मला जाणवलेला उशीर निराळा होता. ड्रमवादकाने अचानक लय वाढवली, आणि पाहुण्याने आधी पकडून ठेवलेले आवर्तन जुन्याच लयीत फिरत राहिले. आठ-दहा सेकंद तिघे एका वाटेने आणि त्यांचीच सावली दुसऱ्या वाटेने चालली होती. पाहुण्याचा हात बटणाकडे गेला होता, तेवढ्यात ड्रमवादकाने ड्रमवर फिरवायचे ब्रश उचलून घेतले, बासही थांबला, आणि उघड्या पडलेल्या त्या आवर्तनावर सॅक्सोफोनवादकाने त्याच्याच लयीत दोन लांब स्वर ठेवले. चूक पचली. अशा मैफलीत पाहुण्याच्या कौशल्याइतकीच यजमानांची गप्प राहण्याची तयारी महत्त्वाची असते, असे माझे मत झाले आहे.

तू याला आजची टूम म्हणतोस, ते मात्र मान्य नाही. इंग्लिश सॅक्सोफोनवादक इव्हान पार्करने 1990 च्या दशकात बासवादक बॅरी गाय आणि ड्रमवादक पॉल लिटन या आपल्या जुन्या साथीदारांना थेट ध्वनिप्रक्रिया करणाऱ्यांची जोड देऊन समूह उभा केला. त्या समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका 1997 ची आहे. नॉर्वेतल्या क्रिस्तियानसान येथे 2005 पासून चालणाऱ्या 'पुंक्त' महोत्सवात तर नुकतीच संपलेली मैफल दुसरे कलावंत लगेचच मोडून, जोडून पुन्हा सादर करतात. आणि सॅक्सोफोनवादक इअन बॅलामी व ड्रमवादक थॉमस स्ट्रोनेन यांच्या 'फूड' या जोडगोळीने पाहुणा बोलावणे हीच आपली रीत करून टाकली. त्यांच्या 2012 च्या ध्वनिमुद्रिकेत ऑस्ट्रियन संगीतकार फेनेझच्या इलेक्ट्रॉनिक्सबरोबर आपल्या प्रकाश सोनटक्क्यांची स्लाइड गिटार आणि गळा आहे, हे तुला ठाऊक नसेल. मींड घेत सरकणारा स्वर यंत्रातून आलेल्या अस्पष्ट नादावर किती सहज टेकतो, ते ऐकण्यासारखे आहे.

यंत्राचा आवाज खऱ्या वाद्याला झाकून टाकतो, ही तुझी तक्रार मात्र मी पदरात घेतो. मध्यंतरानंतर ध्वनियोजकाने प्रक्रिया केलेला आवाज मोठ्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून इतका चढवला, की खरा सॅक्सोफोन समोर असूनही तो केवळ दिसत होता. पूर्वार्धात पाहुण्याचा आवाज त्याच्याच मागे ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून येत होता, त्यामुळे तोही वादकांमधलाच एक वाटत होता. या संगीतात आवाज कोणत्या दिशेने येतो, हे सुराइतकेच काळजीने ठरवायला हवे. शेवटच्या पाच मिनिटांत कोणीतरी शहाणपणाने तो उतरवला, आणि सॅक्सोफोनच्या नळीतला नुसता श्वास, कळांची टकटक आणि त्यांचे यंत्रातून परतणारे पडसाद एकमेकांत मिसळले. मी डोळे मिटले होते, त्यामुळे कोणता श्वास माणसाचा होता ते सांगता येणार नाही.

वादकांच्या परवानगीने केलेले पूर्वार्धाचे ध्वनिमुद्रण सोबत पाठवतो आहे. ते चुकलेले आवर्तन तेविसाव्या मिनिटाला आहे. हेडफोन लावून ऐक, आणि ब्रश उचलण्यापूर्वी ड्रमवादक क्षणभर अडखळतो की नाही, ते कळव. मला तसे वाटते, पण माझा भरवसा तुझ्या कानांवर अधिक आहे.

तुझा,
जुना श्रोता-मित्र