बाबा, रक्ताची तपासणी नको, ती फाईल काढा

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "जेवलीस काय?" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले.

गल्लीतल्या काकांना अपेंडिक्सचा कॅन्सर निघाल्यापासून बाबांना धड झोप नाही, असं आई सांगत होती. परवा बाबांनी रक्ततपासणीच्या पॅकेजची जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं, दोघांची करून टाक. बाबा, मागाल ती तपासणी मी करेन. पण या पॅकेजमधून तुम्हाला हवं ते उत्तर मिळणार नाही. मी इथल्या सर्जनबाईंना मुद्दाम जाऊन विचारलं. धडधाकट माणसाच्या अपेंडिक्समध्ये कॅन्सर आहे का, हे आधीच हुडकून काढणारी तपासणी आज तरी नाही. हा आजार इतका विरळ आहे की सगळ्यांना तपासत बसण्याची पद्धतच नाही. जाहिरातीतलं ते सीईए, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मल येऊ शकतं आणि नुसत्या विडी-सिगारेटनंही वाढतं. सीए 19-9 हा रक्तातला तसाच दुसरा घटक, तो पित्ताच्या खड्यांनीही वाढू शकतो. कॅन्सर ठरल्यावर उपचार लागू पडतात का हे बघायला या तपासण्या कामाच्या. एरवी नॉर्मल आलं म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल, नाहीतर उगाच आकडा वाढलेला बघून आई देव पाण्यात घालून बसेल.

आईसाठी म्हणूनच काही करायचं नाही. तिला कसलाही त्रास नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, बाबा.

दसऱ्यानंतर तुमचं पोट दुखलं, अपेंडिक्स सुजून उजवीकडे खाली गोळा धरला, तेव्हा सलाईन आणि अँटिबायोटिकवर भागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवड्यांनी या, कोलोनोस्कोपी करू, म्हणजे मोठं आतडं आतून दुर्बिणीनं बघू, आणि अपेंडिक्स काढून टाकू. तुम्ही म्हणालात, "आता बरं हाय की, कशाला फाडाय पाहिजे?" त्याला सव्वादोन महिने झाले. रोज रंकाळ्याला फेरी होते, गंगावेशीत धारोष्ण दूध होतं, म्हणून ते प्रकरण मिटलं असं तुम्ही धरून चाललात.

चाळिशीनंतर असा गोळा धरला, की तो कशामुळे धरला हे बघावंच लागतं. कधीकधी आतल्या गाठीनंच अपेंडिक्सचं तोंड बंद झालेलं असतं. फिनलंडमध्ये अशाच गोळा-पू झालेल्या 60 रुग्णांवर अभ्यास चालू होता. निम्म्यांचं अपेंडिक्स नंतर काढायचं, बाकीच्यांना एमआरआय करून नुसतं नजरेखाली ठेवायचं, असं ठरलं होतं. 12 जणांत गाठी निघाल्या, सगळे चाळिशीच्या पुढचे. अभ्यास मध्येच थांबवून उरलेल्यांनाही ऑपरेशनचा सल्ला दिला गेला. 2019 साली हे छापून आलं. त्या सगळ्या गाठी कॅन्सरच्या नव्हत्या, आणि 60 माणसं म्हणजे फार नव्हेत, हेही सर्जनबाईंनी सांगितलं. पण तुम्ही 66 वर्षांचे आहात, बाबा. मला हा आकडा वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

कोलोनोस्कोपीत अपेंडिक्सचं फक्त तोंड दिसतं, आतली नळी दिसत नाही. मोठ्या आतड्यात काही नाही ना, एवढं तिच्यातून कळतं. आत काय आहे ते अपेंडिक्स काढून, काचपट्टीवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच पक्कं कळतं. लहान गाठ असली तर बऱ्याचदा तेवढ्या ऑपरेशनवरच भागतं. काही गाठींत चिकट बुळबुळीत द्रव साचतो. तशी गाठ फुटून तो पोटभर पसरला, की फार मोठं ऑपरेशन लागतं. ती वेळ येऊ नये एवढंच मला वाटतं.

आणि आई, दादाचं अपेंडिक्स काढलं तेव्हा तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आणायला आपल्यातलं कुणी गेलंच नाही. दवाखान्यानंही कळवलं नाही. दादा चांगला आहे, पण या वेळी रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी परत जाणार नाही.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पेजेचं नुसतं पाणी, शहाळ्याचं पाणी, लिंबू-सरबत एवढ्यावर राहायचं आणि पोट साफ व्हायचं औषध लिटरनं प्यायचं. त्रास होतो तो त्याचाच. तपासणीच्या वेळी झोपेचं इंजेक्शन देतात. ऑपरेशन दुर्बिणीतून करता येईल का, ते डॉक्टर बघून सांगतील. मी असेन शेजारी. संडासाला उठताना रात्री हात धरायलासुद्धा.

शुक्रवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरते, आठ दिवसांची रजा घेतली आहे. सोमवारची वेळ घेतली आहे, बाबांना न विचारता, त्याबद्दल रागवा. आई, कपाटातली सोनोग्राफी आणि सीटीची फाईल काढून ठेव, डिस्चार्ज कार्ड तिच्यातच आहे. बाबांच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटंही त्यात टाक. कुठली किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टरांनाच विचारायचं आहे, तोवर एकही स्वतःहून बंद करू नका.

तुमची,
चिमी