कादंबरीतला माणूस आणि गावातला माणूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता, त्यात म्हटलं होतं की आताच्या मराठी कादंबऱ्या म्हणजे नावं बदललेली आत्मचरित्रं, लेखक स्वतःचं आयुष्य उचलतात आणि छापून मोकळे होतात. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी चोपडा तालुक्यातला, घरची शेती आहे आणि संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसतो, पुस्तकं देणंघेणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे लोकं कादंबरी कशी वाचतात ते रोज समोर दिसतं.

आपल्या खान्देशात हा विषय निघाला की पहिलं नाव 'कोसला'चं येणार. 1963 ची कादंबरी. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे आणि नायकाचं नाव पांडुरंग सांगवीकर, नेमाडे पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले आणि पांडुरंगही पुण्याला कॉलेजात, होस्टेलवर. इथपर्यंत सगळं जुळतं, आणि आमचे बरेचसे वाचक इथंच थांबतात, की बघा स्वतःचंच लिहिलंय. अहो पण पुढे बघा ना. पांडुरंग परीक्षेत आपटतो आणि हात हलवत गावी परत येतो. नेमाडे एम. ए. झाले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, लंडनला शिकवून आले, 2014 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. म्हणजे पांडुरंगचं जे झालं ते लेखकाचं झालेलंच नाही. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या प्रत्येक पोराच्या पोटात ही भीती असतेच, की बापाचे पैसे घालवून आपण रिकाम्या हाताने परत आलो तर, आणि तिला शेवटपर्यंत जाऊ द्यायचं हे काम कादंबरीकाराने केलं. याला आयुष्य छापणं कसं म्हणणार?

चांगदेव पाटील हा नायक असलेल्या नेमाडेंच्याच चार कादंबऱ्यांचंही तेच. नेमाडेंनी नगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी शिकवलं आणि चांगदेवही एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात फिरत राहतो, त्यामुळे हे कॉलेज म्हणजे अमुक आणि तो प्राचार्य म्हणजे तमुक असल्या गप्पा मी स्वतः कितीतरी वेळा ऐकल्यात. आणि साने गुरुजी तर अमळनेरला शिक्षक होते म्हणून आपलेच. त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, आई स्वतःची, बालपण स्वतःचं, सरळ 'मी' म्हणून लिहिलं असतं तरी कोण काय बोलणार होतं, पण त्यांनी श्याम उभा केला आणि तो रोज रात्री मित्रांना आठवणी सांगतोय अशी मांडणी केली. त्या मांडणीमुळेच आपण सगळे त्या मित्रांमध्ये जाऊन बसतो.

आता आमच्या वाचनालयातली गोष्ट सांगतो. आपल्याच भागातल्या एका लेखकाची कादंबरी आहे, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मुद्दाम देत नाही. ती प्रत इतक्या हातांतून फिरलीय की पुठ्ठा सुटलाय. त्यात लोकांनी पेन्सिलीने पात्रांच्या नावापुढे गावातल्या खऱ्या माणसांची नावं लिहून ठेवलीत. त्यातलं एक पात्र आहे म्हातारा आबा, कर्जात बुडालेला, चिडका पण नातवावर जीव टाकणारा. त्याच्यापुढे एकाने एक नाव लिहिलंय, दुसऱ्याने ते खोडून वेगळंच लिहिलंय, आणि खाली तिसऱ्या अक्षरात अहिराणीत "हाऊ ते आमना आबा शे", म्हणजे हा तर आमचा आबा आहे, असं. तिघंही मनापासून लिहिणारे आणि तिघांचंही थोडं थोडं बरोबर असणार. तो आबा दहा घरांतून गोळा केलेला आहे, एकाची चाल, दुसऱ्याचा राग, तिसऱ्याचं कर्ज, आणि जो थर लेखकाचा स्वतःचा आहे तो कोणालाच ओळखू आला नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. 1901 ला जर्मनीत थॉमस मानची 'बुडनब्रूक्स' ही कादंबरी आली तेव्हा ल्युबेक या त्याच्या गावातल्या लोकांनी कोणतं पात्र म्हणजे कोण याच्या याद्या करून फिरवल्या होत्या, आणि पुढे 1913 ला त्याच्या सख्ख्या काकाने तिथल्या पेपरात जाहिरात देऊन पुतण्याबद्दल तक्रार केली. काकाचं दुःख मला कळतं. घरातल्या माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी पुस्तकात आली तर त्या घरात जेवण गोड लागत नाही, खेड्यात तर लपायलाही जागा नसते. लेखकाने तेवढं भान ठेवलंच पाहिजे, विशेषतः बाईमाणसाबद्दल लिहिताना, कारण लोकं बोट तिच्याकडेच आधी दाखवतात.

पण म्हणून स्वतःचं आयुष्य सोडून लिहा असं लेखकाला सांगू नका. उन्हाळ्यात वादळ येतं आणि कापणीवर आलेली केळी घडासकट आडवी होते, हे पेपरात रोज छापून येतं, ते वाचून कोणीही लिहील. पण त्या दिवशी सकाळपर्यंत दिवसातून चार फोन करणारा व्यापारी फोन उचलत नाही, बाप बागेत न जाता ओट्यावर बसून राहतो, आई कोणाला न विचारता रोजच्यापेक्षा कमी भाकरी टाकते, हे ज्याने घरात बसून पाहिलंय त्यालाच सुचतं. बाग कोणाची, वादळ कोणत्या साली, पुढे त्या बापाचं काय झालं, हे सगळं त्याने खुशाल रचावं. मला वाटतं आयुष्यातून घेण्यासारखं हेच असतं. आमच्याकडे येणाऱ्या नव्या पोरांचं बऱ्याचदा याच्या उलट होतं, प्रसंग जसाच्या तसा घेतात, अगदी तारखेसकट, आणि भाकरी मात्र सिनेमातली टाकतात, मग सगळं खरं असूनही वाचताना पटत नाही.

तेव्हा एक विनंती आहे. पुरवणीत नव्या कादंबरीबद्दल छापाल तेव्हा हे लेखकाच्या घरात खरंच घडलं का यावर अर्धा कॉलम घालवू नका, मुलाखतीतही तोच प्रश्न पहिला नसावा. त्याऐवजी काय ठेवलं, काय बदललं आणि का बदललं हे विचारा. आपल्या जिल्ह्यात लिहिणारी पोरं आहेत, त्यांना ते वाचून उपयोग होईल, आणि ते अंक मी वाचनालयात जपून ठेवीन.

आपला,
एक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव