‘डी ड्राइव्ह’ म्हणजे तिजोरी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जुना लॅपटॉप अर्ध्या तासात नवा’ या मथळ्याखाली विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही दुसरी संगणक-प्रणाली टाकण्याची कृती कालच्या पुरवणीत आपण अर्धे पान खर्चून छापलीत. विषय चांगला, वेळ योग्य, लिनक्सच्या बोधचिन्हातल्या पेंग्विनचे चित्र तर फारच गोड. पण चौथी पायरी दोनदा वाचावी लागली, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. ‘सी ड्राइव्हमधला महत्त्वाचा डेटा डी ड्राइव्हमध्ये हलवा. त्यानंतर इन्स्टॉलरमध्ये इरेज डिस्क हा पर्याय निवडा.’ संपादक महोदय, या दोन वाक्यांच्या मधल्या पूर्णविरामात लोकांची दहा-पंधरा वर्षांची छायाचित्रे जातात.

सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत डिस्क एकच असते, तिचेच दोन भाग पाडून त्यांना ही अक्षरे दिलेली असतात. ‘विंडोज उडाले तरी डी शाबूत राहतो’ ही समजूत विंडोज पुन्हा भरण्यापुरती खरी, कारण तेव्हा फक्त सी फॉरमॅट होतो. लिनक्सचा इन्स्टॉलर, म्हणजे ते लॅपटॉपात भरणारा प्रोग्रॅम, ‘इरेज डिस्क’ म्हणतो, तेव्हा त्याला सबंध डिस्कच म्हणायची असते. विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो आणि सी, डी, रिकव्हरीचा विभाग सगळे एका झटक्यात जाते.

इन्स्टॉलर हे गुपचूप करत नाही, हेही सांगायला हवे. पुसण्याआधी तो एक छोटी चौकट दाखवतो. तीत ‘एसडीए’ किंवा ‘एनव्हीएमई’ने सुरू होणारी डिस्कची लिनक्समधली नावे असतात आणि कोणता विभाग ‘ईएक्सटी४’ (लिनक्सची फायली मांडण्याची पद्धत) म्हणून फॉरमॅट होणार ते लिहिलेले असते. गोम अशी की सी, डी ही अक्षरे विंडोजची. लिनक्समध्ये ती नसतातच. त्यामुळे त्या चौकटीत डी कुठेच दिसत नाही आणि ‘डीचे नाव नाही, म्हणजे त्याला हात लागणार नाही’ असे समजून माणूस निर्धास्तपणे ‘कंटिन्यू’ दाबतो. आपला लेख हातात धरून बसलेला माणूस तर नक्कीच दाबेल.

ज्यांनी काल रात्रीच हे उरकले असेल त्यांच्यासाठी लिहितो, म्हणून हे पत्र छापायचे असेल तर लवकर छापा. लॅपटॉप आत्ता बंद करा. नव्या लिनक्समध्ये ब्राउझरसुद्धा उघडू नका. जे जे लिहिले जाईल ते जुन्या फायलींच्या जागेवर बसू शकते. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स भरले त्यावरूनच लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि ‘टेस्टडिस्क’ या हरवलेले विभाग शोधणाऱ्या प्रोग्रॅमने जुना एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा, विभाग सापडतो का ते पाहा. तो नाही सापडला तर सुट्या फायली शोधणारा ‘फोटोरेक’ वापरा. सापडलेल्या फायली दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवरच उतरवायच्या. फोटोरेक फायली परत देतो, त्यांची नावे आणि फोल्डर देत नाही, तेव्हा नंतरची निवडानिवड किचकट असते. फिरती हार्ड डिस्क असेल तर बऱ्यापैकी आशा आहे, कारण ईएक्सटी४ करताना सगळी डिस्क खोडली जात नाही. ठिकठिकाणी नवे तक्ते मांडले जातात, त्यावर लिनक्सच्या स्वतःच्या फायली येतात आणि बाकीचे बरेचसे जुने तसेच पडून असते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असेल तर फॉरमॅट होतानाच ‘ट्रिम’ची सूचना जाते, ‘ही जागा आता रिकामी समज’ अशी, आणि मग हाती फारसे काही लागत नाही.

बॅकअप म्हणजे लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवरची प्रत. ती घेतल्यावर दुसऱ्या संगणकाला जोडून पाच-सहा फायली उघडून पाहायच्या, एवढे केले की झाले. हटकून विसरतात त्या गोष्टी वेगळ्या: डेस्कटॉपवर साठलेला पसारा, ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात ज्या फायलींवर ढगाचे चिन्ह असते त्या डिस्कवर नसतातच, नुसती नावे असतात. युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टात टंकलेली पत्रे आणि हस्तलिखिते असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उचलून ठेवा. फॉन्ट नसेल तर तोच मजकूर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. टीटीएफ प्रकारचे फॉन्ट लिनक्समध्येही चालतात.

आता लेखात जे आलेच नाही ते. लिनक्सच्या मिंटसारख्या प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालतात, डिस्कला हात न लावता. पुसण्याआधी तासभर तसे चालवून पाहायला काय हरकत होती? वाय-फाय, आवाज, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, कॅमेरा, प्रिंटर आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे सगळे तिथेच कळते. वेग मात्र त्यावरून जोखू नये, पेन ड्राइव्ह संथच असतो. ब्रॉडकॉम कंपनीची वाय-फाय चिप असेल तर वाय-फाय बहुधा दिसणार नाही. फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट द्यावे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, घ्यावा. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या यादीतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपाच्या मूळ सेटिंगांत, ती बहुधा ‘रेड’ या पद्धतीवर लावलेली असते, ती ‘एएचसीआय’ या पद्धतीवर न्यावी लागते. विंडोजही ठेवायचे असेल तर हा बदल घाईने करू नये, नंतर तेच सुरू व्हायला नकार देते.

पेन ड्राइव्हवर आयएसओ फाइल (सबंध लिनक्स एकत्र बांधलेली) नुसती कॉपी करून भागत नाही, ती रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने उतरवावी लागते, एवढे आपल्या लेखात बरोबर आहे. पण असा तयार पेन ड्राइव्ह पुन्हा विंडोजला जोडला की कधी कधी ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येतो. त्याला ‘नाही’ म्हणायचे. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करावे, नाहीतर फास्ट स्टार्टअप या झटपट सुरू होण्याच्या सोयीमुळे ते अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्समधून तो विभाग नीट उघडत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवा. बायोसमधले सिक्युअर बूट हे सुरक्षेचे सेटिंग बदलले की विंडोज ती मागते आणि त्या वेळी ती सहसा त्याच बंद लॅपटॉपात असते.

‘अर्ध्या तासात नवा’ याबद्दल काय बोलावे? मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क लिनक्सखालीही तेवढेच फेरे घेते. फरक पडतो तो २.५ इंची, साटा जोडणीच्या एसएसडीने, आणि ४ जीबीच्या जागी ८ जीबी रॅमने. ब्राउझरची भूक दोन्हीकडे सारखीच असते. रॅम घेताना इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपाला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टचीच लागते, १.५ व्होल्टची पट्टी खाचेत नीट बसते, पण लॅपटॉप सहसा सुरू होत नाही. आणखी एक. लेखात म्हटल्याप्रमाणे विंडोज १० ‘बंद पडले’ नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. लोकांना बॅकअपपुरतीही उसंत मिळू नये इतकी घाई नव्हती.

चौथ्या पायरीची दुरुस्ती आपण छापालच, अशी खात्री आहे. ती आतल्या पानावर निविदा सूचनांच्या खाली नको. त्याच पुरवणीत, त्याच जागी, त्याच आकाराच्या मथळ्याने यावी.

जाता जाता, लेखातल्या टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीच्या, आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलला ‘सुडो’सारखी आज्ञा देवनागरीत कळत नाही. रोमन अक्षर छोटे की मोठे, यावर तिथे सगळे अवलंबून असते आणि तो फरक देवनागरीत दाखवण्याची सोयच नाही. भरीस भर म्हणजे शेजारीशेजारी असायला हव्या होत्या त्या दोन आडव्या रेघांची जुळवणीत एक लांबलचक रेघ झाली आहे. म्हणून या पत्रात मी एकही आज्ञा लिहिलेली नाही. आज्ञा छापायच्याच असतील तर पडद्याचे छायाचित्र छापा. पेंग्विन जरा लहान केलात तर जागा पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक