तीन तावांवरचे युद्ध

टोकियो

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे जुन्या छपाईचे काही पाहिलेस का, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. परवाच्या शनिवारी जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेत एका दुकानदाराने १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धाची लाकडी ठशांची चित्रे उलगडून दाखवली, तेव्हा तुमची फार आठवण झाली.

एक चित्र सहसा तीन तावांचे, प्रत्येक ताव साधारण ३७ बाय २५ सेंटिमीटरचा. चित्रकाराचे रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून कोरीत, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा करीत आणि ओलसर कागद त्यावर ठेवून बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चकतीने हातानेच घाशीत. रंगावर रंग नेमका बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला ज्या खाचा असतात, त्यांना ‘केन्तो’ म्हणतात. ताव केसभर सरकला तरी तुम्ही छापखान्यातले ट्रेडल यंत्र थांबवायचात. त्या सवयीने मीही आधी जोडच पाहिला, आणि एका जहाजाची डोलकाठी तिथे किंचित चुकलेली सापडली!

ते चित्र कोबायाशी कियोचिकाचे, १७ सप्टेंबर १८९४ च्या पीत समुद्रातील लढाईचे. वर धूर आणि तोफा, खाली मात्र समुद्र उभा चिरल्यासारखा उघडा करून तळाशी जाणारे चिनी जहाज दाखवले आहे. हे कोणी डोळ्यांनी पाहणे शक्यच नव्हते. कुबोता बेइसेनसारखे काही जण वृत्तपत्रांसाठी आघाडीवर गेले, पण बहुतेक चित्रकारांनी घरी बसून बातम्यांवरूनच युद्ध रंगवले. कोरियातल्या सोंगह्वानला मरतानाही ओठांशी बिगूल धरून राहिलेल्या जपानी शिपायाचे नाव आधी शिराकामी गेन्जिरो असे गाजले आणि मागाहून तो किगुची कोहेई ठरला. शुद्धिपत्र जोडायला चित्रे तोवर हातात उरली होती कुठे!

मला खटकले ते निराळेच. जपानी सैनिक सगळे ताठ, देखणे. चिनी मात्र भडक कपड्यांतले, वेड्यावाकड्या चेहऱ्यांचे, आणि दोन्ही तितक्याच सुबक हाताने कोरलेले. नोव्हेंबरमध्ये जपान्यांनी चीनमधले पोर्ट आर्थर जिंकल्यावर तिथल्या रहिवाशांची कत्तल झाली आणि परदेशी वार्ताहरांनी ती जगाला कळवली. मी पाहिलेल्या चित्रांत मात्र त्या शहरावरचा केवळ विजय होता. आपल्या माजघरातली लक्ष्मी ज्या रविवर्मा छापखान्यातली, तोही मुंबईत १८९४ सालीच सुरू झाला, हे त्या वेळी उगाचच आठवले. १९०४ च्या रशियाविरुद्धच्या युद्धापर्यंत छायाचित्रे आणि पोस्टकार्डे आली आणि या चित्रांचा बाजार ओसरला.

किंमत ऐकून मी चित्र गुंडाळायला सांगितले नाही. दुकानदाराच्या परवानगीने मागच्या बाजूचा फोटो मात्र काढला आहे, तो सोबत आहे. भिंगातून पाहिलात तर चकती फिरल्याचे गोल वण दिसतील. छपाई करणारा उजव्या हाताचा होता की डावऱ्या, ते तुम्हीच ओळखून कळवा.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
धाकटी