फ्लोराइडचा तो प्रश्न आठवतो ना?

पिल्लू,

काल फोनवर तू रडलीस आणि मी नेहमीसारखं "होईल गं, टेन्शन नको घेऊस" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, हे काय उत्तर झालं का? म्हणून आज क्लिनिकमधून आल्या आल्या चहा टाकला आणि लिहायला बसले. मराठीत मुद्दाम लिहितेय, इंग्रजी तू नुसतं खाली खाली सरकवत जातेस, मराठी वाचताना निदान ओठ हलवत हळू तरी वाचतेस.

तुझ्या डॅटच्या, म्हणजे इथल्या डेंटल स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरातला आरसी (उतारा वाचून उत्तरं द्यायचा) सेक्शन, त्याचे तू पाठवलेले स्क्रीनशॉट रात्री सगळे बघितले. डोळे फुटायची वेळ आली बाप्पा, पण बघितले. पन्नासपैकी सतरा चुकले. त्यातले पाच तर तू बघितलेच नाहीस, वेळ संपली. तीन लेखकाच्या टोनवाले, ते सोड, ते माझेही चुकले असते. पण उरलेले नऊ बघ ना. नऊच्या नऊ ठिकाणी तू जे उत्तर निवडलंस ते खरं आहे, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं खरं, फक्त उताऱ्यात ते कुठेच नाहीये. तो हाडांवरचा पॅसेज घे. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खातात एवढंच त्या बिचाऱ्याने लिहिलंय आणि तू गेलीस पॅराथायरॉइड हॉर्मोनच्या ऑप्शनवर, का तर मागच्या सेमिस्टरला शिकलीस म्हणून.

हसू आलं मला, कारण हा रोग माझ्याकडूनच आलाय तुझ्याकडे.

डिसेंबरच्या सुट्टीत तू किचनच्या टेबलावर मला एक पॅसेज सोडवायला दिला होतास, आठवतं? फ्लोराइडवरचा. मी म्हटलं आण इकडे, नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजची बीडीएस आहे मी, चंद्रपूर-यवतमाळकडचे पेशंट यायचे, तोंड उघडलं की आम्ही लांबूनच फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडने डागाळलेले दात) म्हणायचो, मला काय विचारतेस. इथे अमेरिकेत त्या डिग्रीला कोणी विचारत नाही, बहुतेक ठिकाणी परत दोन-तीन वर्षं डेंटल स्कूल केल्याशिवाय पेशंटच्या दाताला ड्रिल लावता येत नाही आणि मी अजून सक्शनच धरून उभी असते, ते एक सोड, पण त्या दिवशी जरा दाखवायचंच होतं तुला. आणि सतरापैकी नऊ आले!

तो डॉक्टर मॅके, १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला जातो, तिथल्या लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग बघतो, वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागतो. डागवाल्या दातांना कीड कमी लागते हेही त्याच्या लक्षात येतं. मग १९२३ मध्ये आयडाहोतल्या ओकली गावात जातो आणि तिथल्या लोकांना सांगतो की ही पाण्याची पाइपलाइन बंद करा, दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. प्रश्न होता, त्याने असं का सांगितलं? मी डोळे झाकून टिक केलं, पाण्यात फ्लोराइड जास्त होतं म्हणून. चूक. पाणी तपासून त्याला काहीच सापडलं नव्हतं, नुसता संशय होता. फ्लोराइड सापडलं १९३१ मध्ये, अल्कोआ कंपनीच्या केमिस्टला, आणि ते उताऱ्यात शेवटच्या पॅराग्राफमध्ये सरळ लिहिलेलं होतं. मॅकेला आठ वर्षं आधी कुठून कळणार! मी तुझ्याशी पंधरा मिनिटं भांडले, आणि तू काय म्हणालीस? "आई, तुला काय माहितीये ते विचारलंच नाहीये गं." आता तेच वाक्य तुला परत पाठवतेय.

आमच्या शाळेत मराठीच्या पेपरात उतारा असायचा, खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा. बाई म्हणायच्या उत्तर बाहेर शोधू नका, उताऱ्यातच आहे. आम्हाला वाटायचं फुकटचे मार्क. तुझ्या परीक्षेतही तेच आहे, फक्त तीन उतारे, एक तास, म्हणजे एकाला वीस मिनिटं, आणि पहिल्यालाच तू अठ्ठावीस घालवलीस.

का घालवलीस तेही सांगते. ते प्रश्न आधी वाचून उत्तर शोधत सुटायचं तुझ्या ग्रुपमधल्यांनी शिकवलंय ना, ते वर्ष किंवा नाव विचारलं की चालतं. बाकी प्रश्नांना तू तोच उतारा सहा-सहा वेळा वरून खाली शोधत होतीस. घरी आलीस की ओरडतेस ना, आई जिरं कुठंय, आणि मी हॉलमधून न बघता सांगते, वरच्या फळीवर डावीकडे, हळदीच्या मागे. कारण डबे मी लावलेत. तसं पहिली चार-पाच मिनिटं सरळ वाच, एकेका पॅराग्राफला दोन-तीन शब्द त्या लॅमिनेटेड शीटवर टाक, कोलोरॅडो-डाग, ओकली-पाइप, अल्कोआ-सापडलं, एवढंच, सुंदर अक्षर नको. मग प्रश्न आला की कुठल्या फळीवर हात घालायचा ते कळेल. आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीये तर ते पाच कोरे का सोडलेस? काहीतरी टिक करायचं ना माझे आई!

अजून एक, तू आरसीची प्रॅक्टिस सकाळी उठून ताज्या डोक्याने करतेस. परीक्षेत तो सेक्शन कधी येतो? नव्वद मिनिटं सायन्स, मग तासभर ते घड्या घातलेल्या कागदाला भोकं पाडायचं आणि अँगल मोजायचं प्रकरण (ते मात्र मला फार आवडलं), मग ब्रेक, मग आरसी. म्हणजे अडीच तास डोकं पिळून झालेलं असतं. तर तसंच कर, आधी अडीच तास दुसरा अभ्यास आणि मग उतारे. ब्रेकमध्ये काय खायचं तेही आत्तापासून ठरव, केळं आणि चिक्की बरी, एनर्जी ड्रिंक पिऊन तुझे हात थरथरतात.

स्कोअर सहाशेपैकी किती हवा ते मला विचारू नकोस, पूर्वीचं तीसपैकीचं गणितच मला कसंबसं कळलं होतं आणि २०२५ पासून तेही बदललं.

शनिवारी येतेयस तर दोन नवीन पॅसेज प्रिंट करून आण, एक तुला एक मला. बाबा टायमर लावणार आहेत, आत्तापासूनच मिशा पिळतायत. दातांवरचा असेल तर तो तू घे, मला दुसरं काहीही दे. आणि मागच्या वेळचे तीन डबे तुझ्याकडेच आहेत, ते आण.

आई